पडद्यावरचा समाह्वय



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा चौदा वर्षांचा नातू एके दुपारीं हातांत मोबाईल घेऊन माझ्यापुढें येऊन बसला. पडद्यावर दोन संघांचीं नांवें होतीं आणि दोहोंच्याहि पुढें १.९० असा एकच आकडा होता. नातू म्हणाला, "आजोबा, दोन्ही संघ तुल्यबळ आहेत असेंच ना याचें म्हणणें? मग आकडा पुरता दोन कां नाहीं?" ज्यानें तीस-पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविण्यांत घालविलीं, त्यास असा प्रश्न ऐकून आनंद व्हावयाचाच, परंतु त्या दुपारीं आनंदाबरोबर माझ्या मनाला एक जुना चटकाहि बसला. त्याचें कारण मी शेवटीं सांगेन. प्रथम त्या हरवलेल्या एक दशांशाचा शोध घेऊं. त्या शोधांत पुष्कळसा इतिहास आपोआप येऊन जाईल.

नातू दाखवीत होता तो सामना क्रिकेटचा नव्हता कीं कुस्तीचाहि नव्हता. तो संगणकावर खेळावयाच्या खेळाचा सामना होता. या प्रकारास आतां सर्व जगांत ई-स्पोर्ट्स म्हणतात. कधीं एकास एक, कधीं पांचास पांच असे तरुण समोरासमोर बसतात. प्रत्येकापुढें संगणक असतो. आणि पडद्यावरील सैन्यें किंवा योद्धे यांच्या द्वारें ते एकमेकांशीं लढतात. हजारों लोक तिकीट काढून आणि लाखों लोक घरबसल्या हें युद्ध पाहतात. आतां, जेथें दोघे झुंजतात आणि तिसरा पाहतो, तेथें पैज लावणारा चौथा आणि पैजा घेणारा पांचवा येऊन उभा राहावयाचाच. आजच्या भाषणांत मी त्या चवथ्या आणि पांचव्या माणसाची हकीकत सांगणार आहें.

ही हकीकत आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त बेहड्याच्या फाशांच्या नादीं लागून संसार गमावून बसलेल्या जुगाऱ्याचें आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आजच्या विषयाला त्याहून जवळचा शब्द मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांपडतो. निर्जीव साधनांनीं जें खेळलें जातें तें द्यूत, आणि सजीव प्राण्यांच्या झुंजीवर जो पण लावला जातो तो समाह्वय, असा भेद तेथें केलेला आहे. ई-स्पोर्ट्सवरील पैज यांपैकीं कोणत्या खान्यांत घालावी, असा प्रश्न स्मृतिकारांस पडता तर मोठी मौज झाली असती. कारण पडद्यावर मरतात तीं बाहुलीं निर्जीव, पण त्यांना नाचविणारीं बोटें सजीव! माझ्या मतें हा समाह्वयच होय. पुढें जे अनर्थ सांगावयाचे आहेत त्यांतील बहुतेक, त्या सजीव बोटांना मोह पडतो या एकाच गोष्टींतून निघाले आहेत.

राजानें हें सर्व बंद पाडावें असा मनूचा निर्णय. कौटिल्याचा मार्ग निराळा. त्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा एक अधिकारीच नेमला आहे. जुगार नेमलेल्या एकाच ठिकाणीं चालावा, फासे अध्यक्षानें पुरवावे, लबाडी करणाऱ्यास दंड व्हावा, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच अध्यक्षानें घ्यावे, अशी त्याची व्यवस्था आहे. जुगारी बहुधा लबाडच असतात, असेंहि तो कोरडेपणानें नमूद करतो. हे शेंकडा पांच आपण ध्यानांत ठेवावे.

आतां खेळाकडे वळूं. १९ ऑक्टोबर १९७२ रोजीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत 'स्पेसवॉर' नांवाच्या खेळाची चढाओढ झाली. विजेत्यास बक्षीस काय, तर 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाची एका वर्षाची वर्गणी! पंचवीस वर्षांनीं, १९९७ सालीं, 'क्वेक' या खेळाच्या एका स्पर्धेंत जिंकणाऱ्यास त्या खेळाच्या एका निर्मात्यानें स्वतःची फेरारी मोटार दिली. वर्गणीपासून मोटारीपर्यंत मजल अशी गेली. परंतु या खेळाला धंद्याचें रूप आलें तें मुख्यतः दक्षिण कोरियांत. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्या देशानें जलद इंटरनेटचें जाळें सर्वत्र पसरविलें आणि गल्लोगल्लीं 'पीसी बांग', म्हणजे तासावारीं पैसे घेऊन संगणक वापरूं देणारीं दुकानें निघालीं. १९९८ सालीं 'स्टारक्राफ्ट' हा अमेरिकन खेळ बाजारांत आला आणि कोरियन तरुणांनीं तो आपलाच करून टाकला. २००० सालीं तेथें ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सामने दाखविण्यासाठीं दूरचित्रवाणीच्या स्वतंत्र वाहिन्या निघाल्या. आणि मोठमोठ्या कंपन्या पदरीं संघ बाळगूं लागल्या. पैसा आला, कीर्ति आली, आणि त्यांच्या पाठोपाठ पैजेच्या पेढ्याहि आल्या.

या पेढ्यांचें अंकगणित नवशिक्यास समजेल अशा रीतीनें सांगतों. १.९० याचा अर्थ असा कीं, शंभर रुपये लावले आणि आपला संघ जिंकला, तर मूळच्या शंभरांसह एकशेंनव्वद परत मिळावयाचे. हरला तर शंभरहि गेले. आतां दोघां मित्रांनीं दोन बाजूंस शंभर शंभर लावले असें समजा. पेढीकडे दोनशें जमले. कोणीहि जिंको, ती एकशेंनव्वद देते आणि दहा स्वतःकडे ठेवते. दोनशेंवर दहा म्हणजे शेंकडा पांच! कौटिल्याच्या अध्यक्षाचा दर आणि नातवाच्या मोबाईलवरील दर यांत कांहीं फरक नाहीं. फरक असलाच तर इतकाच कीं, अध्यक्ष तो भाग राजरोस मोजून घेत होता आणि येथें तो आकड्याच्या पोटांत लपलेला आहे. नातवानें विचारलेला एक दशांश तो हाच.

संघ विषम असतात तेव्हां आकडेहि विषम असतात. एकापुढें १.६० आणि दुसऱ्यापुढें २.२५ असे आकडे घ्या. शंभरास प्रत्येक आकड्यानें भागावें: पहिला भागाकार ६२.५० आणि दुसरा ४४.४४. हे त्या त्या संघाच्या जिंकण्याच्या संभवाचे शेंकडे आहेत, असें पेढी जणूं म्हणते. परंतु दोन संघांपैकीं कोणीतरी एकच जिंकावयाचा असेल, तर दोन्ही शेंकड्यांची बेरीज बरोबर शंभर यावयास पाहिजे. ती येथें १०६.९४ येते. शंभरांवरचे हे जवळजवळ सात म्हणजे पेढीचें पोट. कोणताहि आकडा पुढें आला असतां प्रथम ही बेरीज करून पाहावी, हा या विद्येंतील पहिला धडा होय.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. १.९० च्या भावानें शंभर सामन्यांवर शंभर शंभर रुपये लावले, तर लावलेली रक्कम दहा हजार होते. त्यांतील पन्नास अंदाज बरोबर आले तर परत येतात साडेनऊ हजार. बावन्न बरोबर आले तरी ९,८८०. त्रेपन्न बरोबर येतील तेव्हां कोठें १०,०७० हातीं येतात, म्हणजे सत्तर रुपयांचा नफा! आणि ज्याला अर्धेच अंदाज साधतात, असा माणूस आलेला पैसा पुनःपुन्हां लावीत राहिला, तर सरासरीनें प्रत्येक फेरींत त्याच्या पैशाचा विसावा हिस्सा झडतो. शंभरांचे दहा फेऱ्यांनंतर साठ उरतात आणि वीस फेऱ्यांनंतर छत्तीस. यांत कोणाची लबाडी नाहीं. हा निवळ गुणाकार आहे.

हें शास्त्रहि जुगारांतूनच जन्मास आलें. १६५४ सालीं पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत एक पत्रव्यवहार झाला. खेळ अर्धवट मोडला तर लावलेला पैसा दोघां खेळाडूंनीं कसा वांटून घ्यावा, हा त्यांतील प्रश्न होता. आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया त्या पत्रांत घातला गेला. आज विम्याचा सर्व हिशेब त्याच पायावर उभा आहे. परंतु फासा कसा पडेल याचा संभव जसा मोजतां येतो, तसा माणूस जाणूनबुजून हरेल काय, याचा संभव मोजतां येत नाहीं. पैज लावणाऱ्याचें सारें गणित जेथें कोसळतें ती जागा ही.

तें प्रथम कोसळलेलें जगानें पाहिलें तें कोरियांतच, २०१० सालीं. स्टारक्राफ्टचे कांहीं सामने पैजेसाठीं मुद्दाम हरले गेले, असें उघडकीस आलें. आजी-माजी अकरा खेळाडूंना तेथील संघटनेनें कायमचें बाहेर काढलें. त्यांत मा जे-युन हा होता. त्यानें अनेक अजिंक्यपदें मिळविली होतीं आणि मुलें त्याचें नांव आदरानें घेत. त्यानें दलाली केल्याचें न्यायालयांत शाबीत झालें. एक वर्षाची तहकूब कैद आणि १२० तासांची समाजसेवा अशी त्यास शिक्षा झाली. एवढ्यानें धडा मिळाला असेल असें वाटावें. परंतु त्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तींत २०१४ चा जगज्जेता ठरलेला ली सुंग-ह्युन हाहि २०१६ सालीं पकडला गेला. दोन सामने हरण्यासाठीं त्यानें सात कोटी वॉन घेतले होते.

रक्कम मोठी होती म्हणून मोह पडला, असें कोणी म्हणेल. त्यास दुसरें एक उदाहरण सांगतों. जून २०१३ मध्यें 'डोटा २' या खेळाच्या एका स्पर्धेंत अलेक्सेय बेरेझिन नांवाच्या रशियन खेळाडूनें आपल्याच संघाविरुद्ध पैज लावली. त्यांतून मिळावयाची रक्कम अवघी ३२२ डॉलर होती. पैज उघडी पडली, त्याच्यावर बंदी आली, आणि ३२२ हा आकडा त्या खेळाच्या साऱ्या जगांत बदनामीचा शब्द होऊन बसला. आजहि कोणी खेळाडू ढिला खेळला कीं प्रेक्षक '३२२' म्हणून ओरडतात. बंदी पुढें कमी झाली. तो परत आला आणि एका नामांकित संघाचा नायकहि झाला. परंतु तो आकडा कांहीं त्याच्या नांवापासून सुटला नाहीं.

तिसरी हकीकत मुलांच्या आईबापांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी. ऑगस्ट २०१३ मध्यें 'काउंटर-स्ट्राइक' या खेळांत 'स्किन' नांवाचा एक प्रकार आला. स्किन म्हणजे पडद्यावरील बंदुकीवर चढविण्याचें रंगीत वेष्टन. त्यानें नेम सुधारत नाहीं कीं बळ वाढत नाहीं. शोभा तेवढी येते. परंतु ही वेष्टनें एकानें दुसऱ्यास देतां येत, त्यांतील दुर्मिळ असतील त्यांना शेंकडों डॉलर किंमत येई, आणि म्हणूनच तीं पैजेंत लावण्याचीं नाणीं बनलीं. पैसा दिसत नव्हता. त्यामुळें मूल जुगार खेळत आहे हें घरांत कोणाच्या ध्यानांत येत नसे. ऑगस्ट २०१४ मध्यें अमेरिकेंतील एक नामांकित संघ एका सामान्य संघाकडून ४ विरुद्ध १६ असा हरला. पराभव मुद्दाम केलेला होता आणि त्यावर स्किनांच्या पैजा लागल्या होत्या, असें पुढें पत्रकारांनीं उजेडांत आणलें. जानेवारी २०१५ मध्यें सात जणांवर बंदी आली. हरलेल्या संघांतील पांचांपैकीं एका खेळाडूनें मात्र त्या लुटींतला वांटा घेतला नव्हता. त्यास बंदीतून वगळण्यांत आलें. आणि जानेवारी २०१८ मध्यें बॉस्टन येथें दुसऱ्या एका संघांतून खेळून त्यानें त्या खेळांतील सर्वांत मानाची स्पर्धा जिंकली. स्किनांवर चालणाऱ्या जुगाराच्या संकेतस्थळांना खेळाच्या मालक कंपनीनें नोटिसा दिल्या त्या २०१६ च्या जुलैंत. तोंवर अनेक देशांतील अल्पवयी मुलें त्यांत ओढलीं गेलीं होतीं.

या खेळांत असें वारंवार कां घडावें? कारणें उघड आहेत. एक तर खेळाडू वयानें फार लहान असतात. सतरा-अठराव्या वर्षीं कीर्ति मिळते आणि पंचविशी ओलांडली कीं बहुतेकांचा काळ उतरणीला लागतो. दुसरें, शिखरावरील थोड्यांना अपार पैसा आणि खालच्या असंख्यांना पोटापुरताहि नाहीं, अशी या धंद्याची रचना आहे. २०२१ सालीं डोटाच्या जागतिक स्पर्धेंतील बक्षिसांची रक्कम चार कोटी डॉलर होती. परंतु लहान स्पर्धांत खेळणारा मुलगा त्याच दिवशीं खोलीचें भाडें कसें द्यावें या विवंचनेंत असतो, आणि पैजा मात्र त्याच्या सामन्यावरहि लागतात. तिसरें असें कीं, सर्व सामन्याच्या निकालावरच पैज लागते असें नाहीं. पहिला बळी कोण घेईल, अमुक फेरी कोण जिंकेल, अशा तुकड्यातुकड्यांवर ती लागते. सामना जिंकूनहि एक तुकडा हरतां येतो आणि तो हरल्याचें कोणाला खुपत नाहीं. यावर देखरेख ठेवण्यासाठीं २०१६ सालीं एक आंतरराष्ट्रीय सचोटी-मंडळ स्थापन झालें. २०२० सालीं त्यानें सदतीस प्रशिक्षकांना एकदम शिक्षा केली. खेळांतील एका तांत्रिक दोषाचा फायदा घेऊन ते प्रतिपक्षाच्या हालचाली चोरून पाहत होते. त्यांचा अपराध पैजेचा नव्हता. परंतु ज्या तराजूवर पैज लावणारा आपला पैसा टाकतो त्याचें पारडें किती सहज झुकतें, हें त्यावरून दिसून येतें.

आपल्या देशांत काय झालें? १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार-प्रतिबंधक कायदा हे या बाबतींतले जुने आधार. कौशल्याचा खेळ निराळा आणि दैवाचा जुगार निराळा, हा भेद आपल्या न्यायालयांनीं जपला. बक्षिसांच्या कोड्यांसंबंधींच्या १९५७ सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें जुगार हा घटनेच्या संरक्षणास पात्र असा व्यापारच नव्हे असें म्हटलें, आणि १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. मोबाईल घरोघर पोहोंचल्यावर याच भेदाचा आधार घेऊन पैशांचे खेळ चालविणाऱ्या कंपन्या निघाल्या. दुसऱ्या बाजूनें, डिसेंबर २०२२ मध्यें भारत सरकारनें ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना पदकेंहि होतीं. खेळ आणि पैज यांची गुंतागुंत अशी वाढत असतां संसदेनें ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा दैवाचा, त्यानें निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्यास मात्र त्यानें गुन्हेगार मानलें नाहीं. तो फसलेला आहे, अशी दृष्टि ठेवली. आणि ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यानें मान देतांना अशी अट घातली कीं, त्यावर कोणीहि, खेळाडूनें वा प्रेक्षकानें, पैज लावतां कामा नये. कौटिल्याचा मार्ग सोडून आपण या एका बाबतींत पुनः मनूच्या मार्गाकडे आलों, असें म्हणण्यास हरकत नाहीं. यश किती येईल हें काळ सांगेल. पडद्याला सीमा नसते आणि परदेशांतील पेढी एका बोटाच्या अंतरावर असते.

आतां त्या चटक्याविषयीं. माझें बालपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें. पूर्वीं मुंबईंत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडत्या आणि बंद भावांच्या आंकड्यांवर जुगार चाले. १९६१ सालीं ते भाव येणें थांबलें, तेव्हां शून्यापासून नवापर्यंतच्या चिठ्ठ्या मडक्यांत घालून आंकडा काढण्याची रीत निघाली आणि मटका जन्मास आला. आमच्या शेजारच्या खोलींत गिरणींतले एक कामगार राहत. स्वभावानें गोड माणूस. आम्हां मुलांना गोळ्या आणून देत. मी दहा वर्षांचा असतांना माझ्या गणिताची चाळींत ख्याति होती. ते मला गच्चीवर बोलावीत, मागील महिन्याचे सारे आंकडे एका वहींत मांडावयास सांगत, आणि "बाळ, यांत कांहीं क्रम दिसतो का बघ," म्हणत. मीं मोठ्या ऐटीनें बेरजा-वजाबाक्या केल्या, रेघा ओढल्या आणि क्रम काढून दिले. एकदां एक आंकडा लागलाहि. मग त्यांचा माझ्यावर असा विश्वास बसला कीं विचारूं नका. वर्षभरांत त्यांच्या घरांतलीं तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं, मग वहिनींच्या पाटल्या गेल्या, आणि एका पहांटे तें बिऱ्हाड भाडें न देतांच निघून गेलें. वहिनींनीं जातांना माझी वही आईजवळ दिली. एक शब्दहि बोलल्या नाहींत. मडक्यांतील चिठ्ठीला मागच्या चिठ्ठीची आठवण नसते, हें मला कोणीं तोंवर शिकविलें नव्हतें. पुढें तें मीं शेंकडों मुलांना शिकविलें. परंतु त्या घराला त्याचा काय उपयोग?

म्हणून नातवाला मी रागें भरलों नाहीं. मोबाईल बाजूला ठेविला, कोरी वही घेतली, आणि शंभरांस वीस वेळां ०.९५ नें गुणावयास सांगितलें. तो गुणीत गेला. शेवटीं ३५.८५ आले तेव्हां पेन्सिल खालीं ठेवून तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे जिंकतो तो आकडा लिहिणाराच कीं!" मग मीं त्याला ती शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली, वहीसकट सांगितली.

खेळ तो अजूनहि पाहतो. कधीं कधीं मीहि शेजारीं बसून पाहतों, आणि त्या पोरांच्या बोटांची चपळाई पाहून थक्क होतों. पाहण्यांत गैर कांहींच नाहीं. आपल्या घरांतील मुलानें असा एखादा आकडा आपल्यापुढें आणला, तर त्यास दटावून घालवूं नये, एवढीच माझी विनंति आहे. त्याच्याबरोबर बसून तो हिशेब शेवटपर्यंत करावा.